आईचे लोणचे रोमिंगवर

आमच्या घरात वस्तू हरवत नसत. म्हणजे हरवायच्या, पण आई होती तोवर त्यांना तशी परवानगी नव्हती. मेथीदाणे कुठे? फडताळात, वरून दुसऱ्या फळीवर, बोर्नव्हिटाच्या डब्यात. मग बोर्नव्हिटा कुठे? तो संपून तीस वर्षे झाली. डब्यावरचे नाव आणि आतला माल यांचा काडीचा संबंध नसे. पण तो नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. यालाच मी व्यवस्था म्हणतो.

आईच्या शेवटच्या तीन हिवाळ्यांत मी तिची लोणची उतरवून घेतली. उतरवून म्हणजे माळ्यावरून नव्हे, संगणकावर. ती सांगायची आणि मी दोन बोटांनी बडवायचो.

“मीठ किती?”

“हाताले जमन तेवढं.”

“म्हणजे किती ग्रॅम?”

“तुले मास्तर कोनं केलं रे?”

हेसुद्धा मी इमानाने टाइप केले. लोणच्यांच्या मध्येमध्ये आर्वीच्या मावशीशी झालेले भांडण, पुलगावच्या लग्नात कमी पडलेली पुरणपोळी, मोठ्या भावाचा जन्म झाला त्या रात्रीचा पाऊस, असेही पुष्कळ येत गेले. हे सारे मी रोजनिशीच्या एका फुकट मिळालेल्या प्रोग्रॅमात लिहीत होतो. त्याचे नाव सांगत नाही. त्याने आमच्या घरचे मीठ खाल्ले आहे.

आई गेली. दोन वर्षांनी संगणकही गुडघ्यांत आला. वर्ध्याच्या मे महिन्यात कूलर माझ्याकडून काढून त्याच्याकडे फिरवला, तरी त्याचे कण्हणे थांबेना. दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, डिस्क नवी टाकून देतो. तुमचं सारं कॉपी करतो, टेन्शन घेऊ नका.” त्याने डेस्कटॉप उचलला, डॉक्युमेंट्स उचलले, फोटो उचलले. प्रामाणिक पोरगा. जुनी डिस्कदेखील पिशवीत घालून परत दिली. घरी येऊन मी तो रोजनिशीचा प्रोग्रॅम पुन्हा बसवला आणि उघडला. समोर कोरे पान, आणि वर उत्साहाने लिहिलेले: आजपासून लिहायला सुरुवात करा!

मी तसाच उठून दुकानात.

“फाइल कुठं सेव्ह करत होते तुमी?”

“मी नाही करत. ते आपोआप व्हायचं.”

“आपोआप कुठं व्हायचं?”

वाचकहो, हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही पडला नाही, हा माझा गुन्हा कबूल. पण तो मला पडूच नये अशी चोख व्यवस्था केलेली होती, तो गुन्हा कोणाचा?

त्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास केला. निवृत्त मास्तरला दुसरे काम काय? तर ऐका. विंडोजमध्ये प्रत्येक माणसाच्या नावाचे एक घर असते. त्या घरात ‘ॲपडेटा’ नावाची खोली असते आणि ती लपवलेली असते. २००७ साली व्हिस्टा बाजारात आली, तेव्हापासून तिचे हे नाव. त्याआधीच्या एक्सपीत ती ‘ॲप्लिकेशन डेटा’ म्हणून दुसऱ्याच वाड्यात राहायची. या खोलीला आत तीन खोल्या: लोकल, लोकल-लो आणि रोमिंग. लोकलमध्ये याच यंत्रापुरता माल. लोकल-लोमध्ये ज्यांच्यावर यंत्राचा फारसा भरवसा नाही, त्या प्रोग्रॅमांचा माल. म्हणजे पाहुण्यांची ओटी. आणि रोमिंग? मोठ्या कचेरीत माणूस ज्या यंत्रावर बसेल तिथे त्याच्या मागोमाग जावा, असा माल. आमच्या घरात यंत्र एकच. हे रोमिंग जाऊन जाऊन जाणार कुठे? हिंगणघाटला?

पुतण्या पुण्याहून म्हणाला, “काका, मॅक घ्या.” मॅकमध्ये या जागेचे नाव ‘लायब्ररी’, तिच्यात ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’. मास्तर माणूस लायब्ररी ऐकून खूश झाला. पण ही लायब्ररी २०११ सालापासून वाचकांना दिसत नाही. वरच्या ‘गो’ मेनूत जाऊन ऑप्शनची कळ दाबून धरली की दर्शन देते. असे ग्रंथपाल मी नोकरीत पाहिले आहेत.

भाचा म्हणाला, “मामा, लिनक्स. सगळं उघडं.” लिनक्समध्ये फाइलच्या नावाआधी टिंब दिले की ती अदृश्य होते. या टिंबाचे मूळ म्हणजे जुन्या युनिक्समधला एक आळशी आडमार्ग, असे रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिले आहे. यादीत दोन बिनकामाच्या नोंदी दिसू नयेत म्हणून टिंबाने सुरू होणारे सगळेच गाळले गेले, आणि चुकीचा रिवाज झाला. पुढे २००३ साली तिथल्या शहाण्या मंडळींनी नियम आखले: आवडीनिवडी ‘.कॉन्फिग’मध्ये, माल ‘.लोकल’च्या ‘शेअर’मध्ये, तात्पुरता पसारा ‘.कॅश’मध्ये. फार सुरेख नियम. कित्येक प्रोग्रॅम अजूनही घराच्या ऐन दारात आपली पथारी पसरतात, इतकेच. आणि मोबाइलचे विचारू नका. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, एका ॲपच्या खोलीत दुसऱ्याला डोकावू देत नाहीत. चोर बाहेर राहतो हे खरे, पण मालकही दारातच उभा.

नावे फसवी असतात, याला माझी हरकत नाही. वर्ध्याच्या माणसाची असूच शकत नाही. सेवाग्राम नावाच्या स्टेशनावर उतरलात तर तुम्ही वर्ध्यातच असता. पूर्वी त्याला वर्धा ईस्ट म्हणत, आणि आश्रम तिथून काही किलोमीटर पुढे. तेव्हा चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ या फोल्डरात चौसष्ट बिटांचा माल आणि ‘सिसवाऊ६४’मध्ये बत्तीस बिटांचा आहे, हे कळल्यावर मला उलट माहेरी आल्यासारखे वाटले. पण सेवाग्राम स्टेशनाबाहेर ऑटोवाला असतो. तो सांगतो, “आश्रम इथं नाय काका, बसा.” संगणकात हा ऑटोवालाच नाही, ही माझी तक्रार.

तुम्ही म्हणाल, अहो मास्तर, हे लपवतात ते तुमच्याच भल्यासाठी. उद्या तुम्ही नको ती फाइल पुसून बसाल. मान्य. यंत्राची आतडी यंत्राने झाकावीत. तिथे हात घालण्याची मला हौस नाही. खिडकीचा आकार, अक्षरांचा रंग, कालचा पसारा, खुशाल रोमिंगला पाठवा. पण माझ्या आईचे शब्द म्हणजे यंत्राची आतडी नव्हेत. त्यांच्यासाठी डॉक्युमेंट्स नावाचे उघडे कपाट तिन्ही घरांत आयते तयार असताना, प्रोग्रॅम करणाऱ्याने ते माळ्यावरच्या काळोखात टाकावेत? आपला माल आणि घरमालकाचा माल यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला आमच्याकडे मोलकरीणसुद्धा दुसऱ्या दिवशी ठेवत नाही.

मागणी साधी आहे. प्रत्येक प्रोग्रॅमात ठळक अक्षरांत एक ओळ हवी: तुमच्या वस्तू इथे आहेत. दाबली की ते कपाट उघडावे. सेवाग्रामला बापूकुटीत जाऊन या. वस्तू मोजक्या, प्रत्येकीची जागा ठरलेली, आणि परका माणूस दारात उभा राहिला तरी कुठे काय आहे ते त्याला दिसते. इतके मातीच्या झोपडीला जमते.

असो. जुनी डिस्क कुठे ठेवली ते मला आठवेना. सौभाग्यवती म्हणाल्या, “साबुदाण्याच्या डब्यात.” पोरग्याने ती जोडली, विंडोजची खूण असलेली कळ आणि ‘आर’ एकदम दाबले, दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये रोमन अक्षरांत ‘ॲपडेटा’ लिहिले आणि मला नव्या डिस्कवरची ती खोली दाखवली. मग त्याच वाटेने जुन्या डिस्कवरच्या रोमिंगमध्ये शिरला. तिथे एक अनोळखी नावाचे फोल्डर, त्यात एक फाइल. उघडली. पहिलीच ओळ: तुले मास्तर कोनं केलं रे?

पोरगा हसला. मी चष्मा पुसला. दुकानात उकडत फार होते.

मी ते सगळे छापून घेतले आहे. एकशे बारा पाने. बोर्नव्हिटाच्या डब्यात ठेवली आहेत, फडताळात, वरून दुसऱ्या फळीवर. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवले आहे. आता तुम्हालाही सांगितले.