क्षयाचे जंतू मोजताना

२०२३ साली जगात क्षयाने सुमारे १२ लाख ५० हजार माणसे दगावली. त्या वर्षी आजारी पडलेल्या दर चारांपैकी एक रुग्ण आपल्या पूर्वजांच्या भारतातला होता. म्हणून नव्या औषधाच्या बातमीने आपण हरखतो. पण ती पारखून घ्यावी.

प्रयोगशाळेत फुप्फुसाच्या पेशींवर जंतू सोडतात. काही तासांनी ॲमिकासिन घालून बाहेर उरलेले मारतात. मग पेशी फोडून आतले वाढवतात आणि तीन-चार आठवड्यांनी त्यांचे पुंजके मोजतात. ॲमिकासिन कमी पडले तर बाहेरचेही मोजणीत येतात. जास्त झाले तर आतलेही मरतात, आणि जंतूंचा शिरकाव थांबला असा भास होतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाची साक्षही हवी, असे आम्हांस वाटते.

काचपात्रातले यश म्हणजे रोग्याचा गुण नव्हे. तोवर डॉक्टरांनी दिलेले औषध अर्ध्यावर सोडू नये.