न आवडलेल्या गाण्यास वन्समोअर

बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअरवर वन्समोअर मिळत, हे आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे. परंतु तो मान आवडलेल्या पदास मिळे. जे पहिल्या खेपेस आवडलेच नाही, ते पुन्हा का म्हणून ऐकावे? 'रेडिओहेड' या इंग्रज वाद्यवृंदाची 'ओके कॉम्प्युटर' ही ध्वनिमुद्रिका ऐकून आम्हांस वाटते की, खरा वन्समोअर अशाच गाण्यास द्यावा.

ऑल्टर्नेटिव्ह रॉक या प्रकारातील ही ध्वनिमुद्रिका १९९७ साली निघाली. गीते बारा, वेळ सुमारे ५३ मिनिटे. प्रांजळपणे सांगावयाचे तर, प्रथम आम्हांस गिटारींचा कल्लोळ आणि गायक टॉम यॉर्क यांचा रडवा स्वर यांपलीकडे काही जाणवले नाही. घरातील मंडळींनी तर दारच लावून घेतले!

पुढे एकदा 'एअरबॅग' या पहिल्या गीतातील बेस गिटारीकडे सहज लक्ष गेले. ती मध्येच थांबते, पुन्हा येते, पुन्हा नाहीशी होते. ड्रमचा ठेकाही सरळ वाजविलेला नाही. फिल सेल्वे यांच्या वादनातील काही क्षणांचा तुकडा संगणकावर कापून, जोडून तो सिद्ध केला आहे. मोटार-अपघातातून वाचलेल्या माणसाचे हे गीत. त्याचा श्वास अडखळावा, तशी ही वाद्ये अडखळतात. हे कळल्यावर पूर्वीचा कल्लोळ आम्हांस कल्लोळ वाटेना. 'लेट डाऊन'मध्ये एक गिटार इतरांहून निराळ्या मात्रांच्या हिशेबाने चालते, म्हणून सम हाती लागता लागता निसटते. 'एक्झिट म्युझिक'मधील आवाजाचा घुमारा बाथ शहराजवळील एका जुन्या वाड्याच्या दगडी जिन्याचा आहे.

प्रत्येक गोंगाटात काही दडलेलेच असते, असे मात्र आमचे म्हणणे नाही. 'इलेक्शनिअरिंग' हे गीत आम्हांस दहाव्या खेपेसही कर्कशच वाटले. पण तसे म्हणण्याचा अधिकार दहा वेळा ऐकल्यावरच मिळाला ना! हल्ली बोट फिरविताच पुढचे गाणे लागते, त्यामुळे मत देण्याची घाई फार.

अखेरचे गीत 'द टूरिस्ट'. धावणाऱ्यास ते सबुरीने घेण्यास विनविते. वाद्ये शांत होतात आणि घंटेचा एकच बारीकसा ठोका पडतो. तो आम्हांस चौथ्या खेपेस ऐकू आला. त्यापूर्वी तीनही वेळा, गाणे संपले असे समजून, आम्ही यंत्र आधीच बंद केले होते.