माजावरची कुत्री आणि मालकाचे कर्तव्य

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेल्या आदेशांनंतर भटक्या कुत्र्यांची चर्चा देशभर रंगली. पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरात हा विषय निघाला की बोट नगर परिषद व ग्रामपंचायतींकडेच दाखविले जाते. ते गैर नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक संस्थांचीच जबाबदारी आहे. मात्र पाळीव कुत्र्यांची तीच जबाबदारी या नियमांनी मालकावर टाकली आहे, याचा सोयीस्कर विसर पडतो.

कुत्री साधारणतः सहा महिन्यांनी माजावर येते. हा काळ सुमारे तीन आठवड्यांचा. रक्तस्राव ओसरला की माज संपला, असा समज असतो. प्रत्यक्षात गर्भधारणेची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. अशा वेळी तिला अंगणात बांधणे पुरेसे नाही. नर कुंपण ओलांडून येतात. तिला घरातच ठेवावे, बाहेर नेताना साखळी सोडू नये. माज संपल्यावर काही आठवड्यांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करून घ्यावी.

अन्यथा जेमतेम ६३ दिवसांत नकोशी पिल्ले जन्मतात आणि रस्त्यावर सोडली जातात. घराघरांतून अशी भर पडत राहिली, तर निर्बीजीकरणावरील सार्वजनिक खर्च पाण्यात जाणार, हे उघड आहे.