पैसा गवतात नको, जमिनीत घाला

बंगल्यामागे गोल्फच्या सरावासाठी कृत्रिम गवताचं पटिंग ग्रीन करून घ्यायचं आहे, असा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘स्क्वेअर फुटाला काय भाव?’ पुणे परिसरात लँडस्केपिंगची कामं घेणारी सिव्हिल इंजिनिअर म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की या कामातली बहुतेक फसगत या एका प्रश्नापासूनच सुरू होते. या भावात वरचं गवत दिसतं. खालची जमीन दिसत नाही आणि ग्रीन बिघडतं ते तिथेच.

घरात पटिंग ग्रीन असणं हा निव्वळ बडेजाव आहे, असं मी मानत नाही. ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटक्यांत पूर्ण करायच्या मैदानावर प्रत्येक होलला दोन पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे ढकलायचे फटके, धरलेले असतात; म्हणजे निम्मे फटके पटरचे. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, तिचं पदक एका फटक्याने हुकलं. आपल्याकडे गोल्फ कोर्स मोजके आणि त्यांचं सभासदत्व सगळ्यांना परवडणारं नाही. शाळेतून आल्यावर एखाद्या मुलीला घरीच तासभर सराव करता येत असेल, तर ती जागा सत्कारणी लागली. मात्र चेंडू खोटं शिकवणारा नसावा.

बॉक्स क्रिकेटची टर्फ टाकणारे बरेच ठेकेदार पटिंग ग्रीनची कामंही घेतात. तिथे मैदानात बोटभर खड्डा असला तरी खेळ चालतो. इथे तसं चालत नाही. होल जेमतेम १०८ मिलिमीटर रुंद असतो. शेवटच्या दोन फुटांत चेंडूचा वेग मरत आलेला असतो, तेव्हा दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटाही त्याला वळवतो. मुलाला वाटतं आपला हात चुकला आणि तो चांगला हात बदलायला लागतो.

मागच्या उन्हाळ्यात एका निवृत्त कर्नलसाहेबांनी असंच एक ग्रीन दाखवायला बोलावलं. ते म्हणाले, “मॅडम, पावसाळ्यात बॉल उजवीकडे जायचा, आता डावीकडे जातोय.” आम्ही कडेचे खिळे काढून गवताचा कोपरा उचलला. खाली तीन-चार इंच मुरूम आणि त्याखाली थेट काळी माती होती. मातीला भेग पडली होती, अख्खी पेन्सिल आत जाईल एवढी. त्या भेगेत वरचा मुरूम उतरला होता आणि बरोबर त्या रेषेवर हिरवळ खचली होती. गवत चांगल्या प्रतीचं होतं, जोडही सफाईदार होते. जमिनीने मात्र आपला धर्म पाळला होता.

काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बंगल्याच्या पायासाठी आपण ती काढून टाकतो, मग ग्रीनखाली कशी ठेवतो? माझा आग्रह असतो, की काळी माती निदान दीड फूट तरी काढावी. १० बाय २० फुटांचं ग्रीन असेल तर तीन ब्रास माती निघते. मुरूम दबून बसतो, म्हणून भरायला चार ब्रासच्या आसपास धरावा लागतो. आधी मातीवर जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, म्हणजे माती आणि भराव एकमेकांत मिसळत नाहीत. मग सहा-सहा इंचांचे थर टाकायचे, प्रत्येक थराला पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा. वर बारीक खडी, शेवटी क्रशरची चुरी. पाणी निघून जाण्यासाठी मीटरला एक ते दोन सेंटीमीटर उतार पुरतो. गच्चीचा पाइप आणि ठिबकची नळी ग्रीनपासून लांब न्यायची, नाहीतर एकच कडा ओली राहून फुगते. कोकणात जांभ्यावर काम करणाऱ्यांना फुगण्याचा हा त्रास नाही, पण तिथला पाऊस पाहता निचऱ्याचा चर मात्र हवाच.

होलचे कप याच टप्प्यावर, खाली खडी देऊन बसवायचे. आणि गवत अंथरण्याआधी उघड्या चुरीवर चेंडू सोडून पाहायचा. चुरीवर जो चेंडू वाकडा जातो, तो गवतावरही वाकडाच जाणार.

यानंतर गवताची निवड. दुकानात हाताला मऊ लागणारं ३५-४० मिलिमीटरचं पॉलिएथिलीन गवत बसायला छान, पण त्यावर चेंडू अडखळतो. पटिंगला साधारण १२-१५ मिलिमीटरचं दाट गवत लागतं. नायलॉन महाग, पण त्याची पाती दबली तरी पुन्हा उभी राहतात. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त पडतं, त्यात कोरडी सिलिका वाळू पातळ थरांनी ब्रशने भरावी लागते आणि ती दर वर्षी पाहावी लागते. दोन रोल जोडताना दोन्हींच्या पात्यांचा कल एकाच दिशेला हवा, नाहीतर जोड ओलांडताना चेंडूचा वेग बदलतो.

या व्यवसायात असूनही एक गोष्ट मी ठामपणे सांगते: ग्रीनपुरतंच गवत घ्या, सगळं अंगण झाकू नका. एप्रिलच्या दुपारी या प्लॅस्टिकवर अनवाणी पाय ठेववत नाही. ते झिजतं आणि त्याचे कण मातीत उतरतात. कृत्रिम मैदानांत भरतात त्या रबरी दाण्यांसारख्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर युरोपीय संघाने २०२३ मध्ये निर्बंध आणले, ते उगीच नाही. पाती, मागचं लॅटेक्स आणि वाळू यांचं एकजीव झालेलं गाठोडं पुढे वेगळं करून पुन्हा वापरणंही अवघड. म्हणून २०० चौरस फुटांत सराव करा आणि उरलेल्या जागेत कढीपत्ता, जास्वंद, लॉन, जे हवं ते जिवंत लावा.

ग्रीन बिघडतं ते खालच्या जमिनीत, म्हणून स्क्वेअर फुटाचा एकगठ्ठा भाव स्वीकारणं ग्राहकांनीच बंद केलं पाहिजे. कोटेशनमध्ये खोदाई किती इंच, मुरूम आणि खडी किती ब्रास, थर किती, निचरा कुठे, गवत कोणत्या धाग्याचं आणि वाळू किती किलो, हे वेगवेगळं लिहून मागा. भराव चालू असताना तिथे उभे राहा आणि टेपने खोली मोजा. त्यासाठी पैसे कमी पडत असतील तर ग्रीन लहान करा, खोली कमी करू नका. आणि जो ठेकेदार खोली लिहून द्यायला तयार नसेल, त्याचं गवत कितीही हिरवंगार असलं तरी त्याला काम देऊ नका.