निकाल आणि जागा यांच्या मधले महिने : राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षास खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : अभियांत्रिकी पदवीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील प्रतीक्षाकाळ आणि कुटुंबांवर पडणारा त्याचा भार

महोदय,

अभियांत्रिकी पदवीचा प्रवेश कागदोपत्री एका उमेदवाराचा असला, तरी महाराष्ट्रात तो प्रत्यक्षात एका संपूर्ण कुटुंबाचा निर्णय असतो. एप्रिलमधील परीक्षेपासून ऑगस्टमधील अखेरच्या फेऱ्यांपर्यंतचा काळ त्या कुटुंबात केवळ विद्यार्थ्याचा जात नाही, तर घरातील पैसा, वडिलांची रजा, आईची तयारी, धाकट्या भावंडांच्या शाळेचा खर्च आणि काही घरांत तर राहण्याचे गावसुद्धा त्या काळात टांगणीला लागलेले असते. २०१५ च्या कायद्याने, म्हणजे विनाअनुदानित खासगी व्यावसायिक शिक्षण संस्थांतील प्रवेश व शुल्क यांचे नियमन करणाऱ्या कायद्याने, आपल्या कक्षाला परीक्षा आणि प्रवेश अशा दोन्ही जबाबदाऱ्या एकत्र मिळाल्या. त्यामुळे या दोहोंमधील काळाची जबाबदारीही कक्षाचीच ठरते. प्रस्तुत पत्राचा विषय परीक्षेची काठिण्यपातळी नाही आणि आरक्षणाचे धोरणही नाही. प्रतीक्षेचा भार सर्व कुटुंबांवर सारखा पडत नाही, आणि त्या भाराचा बराच मोठा भाग नियमांच्या रचनेतून निर्माण होत असल्याने तो कमी करता येण्याजोगा आहे, एवढेच येथे मांडायचे आहे.

या प्रतीक्षेची सुरुवात पर्सेंटाइलपासून होते. अनेक पालक पर्सेंटाइल म्हणजे टक्के असे समजतात, परंतु त्या सत्रात परीक्षा दिलेल्या उमेदवारांपैकी किती टक्क्यांना संबंधित उमेदवाराइतके किंवा त्याहून कमी गुण मिळाले, एवढेच तो आकडा सांगतो. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असल्याने अशी तुलना करावी लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या गटाची परीक्षा २०२५ मध्ये चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली असल्यामुळे एका पर्सेंटाइलच्या अंतरात चार हजारांहून अधिक मुले उभी असतात, आणि म्हणूनच दशांश चिन्हानंतरच्या सात स्थळांपर्यंतचा आकडा जाहीर करावा लागतो. हा आकडा हाती आला तरी गुणवत्ता क्रमांक मात्र नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती यादी, तिच्यावरील हरकती आणि अंतिम यादी एवढे टप्पे पार पडल्यावरच कळतो. मधल्या काळात कुटुंबाकडे आकडा असतो पण स्थान नसते, आणि गेल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या उलटसुलट वाचण्यात दिवस जातात.

त्या याद्या वाचणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम आहे, याची जाणीव प्रक्रियेच्या आखणीत फारशी दिसत नाही. जागांच्या सांकेतिक नावांत पहिले अक्षर जागा सर्वसाधारण आहे की महिलांसाठीच्या ३० टक्क्यांतील आहे हे सांगते, मधला भाग प्रवर्ग सांगतो, आणि शेवटचे एच, ओ किंवा एस हे अक्षर अनुक्रमे गृह विद्यापीठ, इतर विद्यापीठ किंवा राज्यस्तर सूचित करते. गृह विद्यापीठ म्हणजे ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून विद्यार्थी बारावी झाला ते विद्यापीठ. अनेक महाविद्यालयांत ७० टक्के जागा त्या क्षेत्रातील मुलांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी असल्याने सांगलीच्या आणि पुण्याच्या विद्यार्थ्यांना समान पर्सेंटाइल असूनही पुण्याच्या एकाच महाविद्यालयातील त्यांची शक्यता वेगवेगळी असते. हे ज्या घरात आधी कोणी अभियंता झालेले आहे तिथे पहिल्या दिवसापासून माहीत असते, आणि ज्या घरातील मूल पदवीपर्यंत पोहोचणारे पहिलेच आहे तिथे ते पहिल्या फेरीत जागा हुकल्यावर समजते. या फरकावरच पैसे घेऊन पसंतिक्रम भरून देणाऱ्या समुपदेशकांचा व्यवसाय उभा राहिला आहे. शासकीय प्रक्रिया समजून घेण्यासाठी खासगी माणसाला पैसे मोजावे लागावेत, ही सार्वजनिक व्यवस्थेच्या दृष्टीने गंभीर उणीव आहे.

आता पसंतिक्रमाच्या अर्जाकडे, ज्याला सर्वजण ऑप्शन फॉर्म म्हणतात, त्याच्याकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण प्रतीक्षेतील सर्वांत मोठी घालमेल तिथेच आहे. एका फेरीपुरते पाहिले तर संगणकाचे काम सरळ आहे : गुणवत्ता यादीतील वरच्या उमेदवारापासून सुरुवात करून प्रत्येकाला त्याच्या यादीतील, त्या क्षणी त्याच्या प्रवर्गात उपलब्ध असलेला सर्वांत वरचा पर्याय द्यायचा. या पद्धतीत अवघड पर्याय वर लिहिल्याने खालचा पर्याय हातचा जात नाही, आणि म्हणून खऱ्या आवडीच्या क्रमाने यादी लिहिणे हेच उमेदवाराच्या हिताचे असते. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या जुळणीच्या सिद्धांताचा हाच गाभा आहे. त्या परंपरेतील कामासाठी शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र २०२५-२६ च्या नियमांनी तीनऐवजी चार फेऱ्या करताना या सरळपणाला छेद दिला. पहिल्या फेरीत पहिला पसंतिक्रम, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप गोठते, म्हणजे उमेदवाराला ती घ्यावीच लागते आणि बेटरमेंटचा, अर्थात हातची जागा राखून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबण्याचा, मार्ग बंद होतो. या नियमामागचा हेतू समजण्यासारखा आहे. जागा अडवून ठेवणाऱ्यांमुळे फेऱ्या लांबतात आणि शेवटी चांगल्या जागा रिकाम्या राहतात, हा अनुभव खराच आहे. परंतु परिणाम पाहावा. दुसऱ्या फेरीत एखाद्या मुलीला तिचा दुसरा पसंतिक्रम मिळून तो गोठला, आणि तिसऱ्या फेरीत तिच्या पहिल्या पसंतीच्या शाखेतील जागा कोणीतरी अन्यत्र गेल्याने रिकामी झाली, तर ती जागा त्याच प्रवर्गातील, तिच्याहून कमी गुणवत्ता क्रमांकाच्या, पण तोवर न गोठलेल्या उमेदवाराला मिळू शकते. गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या प्रक्रियेत गुणवत्ता यादीच उलटी होण्याची ही शक्यता नियमानेच निर्माण केलेली आहे.

यातून घराघरांत घडते ते असे की, खरी आवड लिहिण्याऐवजी गोठण्यापासून वाचण्यासाठी यादी रचली जाते : पहिले तीन किंवा सहा पर्याय मुद्दाम आवाक्याबाहेरचे भरायचे, आणि ज्याची शक्यता आहे ते त्यांच्या खाली लिहायचे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आयुष्यात प्रथमच एखादी शासकीय यादी स्वतःच्या इच्छेने भरायची असते आणि त्या वेळी घरातील मोठी माणसे त्याला खरे न लिहिण्याचा सल्ला देतात, तोही त्याच्याच काळजीपोटी. मुलगा अंतिमतः कोठे जाईल याची चिंता कुटुंबाने सोसावी, यात अन्याय नाही. आपण भरलेल्या यादीमुळेच त्याचे नुकसान झाले का, ही टोचणी मात्र नियमाने त्यांच्यावर लादलेली आहे. संगणक सर्व उमेदवारांच्या याद्या एकाच वेळी हाताळू शकत असताना हातची जागा आणि वरची आशा यांतून एकाची निवड पालकांनी रात्री बसून करावी, याचे समर्थन करणे कठीण आहे.

प्रतीक्षेची किंमत कुटुंबागणिक कशी बदलते, हेही स्पष्टपणे मांडले पाहिजे. ज्यांच्याकडे पैसा आहे ती कुटुंबे केंद्रीभूत प्रक्रियेबाहेरील अभिमत किंवा खासगी विद्यापीठात उन्हाळ्यातच शुल्क भरून एक जागा राखून ठेवतात आणि निश्चिंत मनाने पुढील फेऱ्यांत उतरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ या वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण शुल्क परत करण्याचे निर्देश दिले होते ही चांगली गोष्ट आहे, पण परत मिळणारी रक्कमही आधी हाती असावी लागते आणि काही महिने अडकून पडली तरी चालावे लागते. कोरडवाहू शेती असलेल्या कुटुंबात हेच महिने पेरणीचे, बियाणे-खतांच्या उधारीचे आणि पीककर्जाच्या नूतनीकरणाचे असतात. तिथे राखीव जागा विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बँक शैक्षणिक कर्जाचा विचार करते तो जागा मिळाल्याचे पत्र पाहून. वसतिगृहाचा अर्ज, स्वाधार योजनेचा किंवा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज, हे सारे प्रवेशानंतरचे. राज्याने २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले, हे मोठे पाऊल आहे. तरीही मुलगी नांदेडला शिकणार की मुंबईला, हे ऑगस्टपर्यंत ठरत नसेल तर राहण्या-खाण्याच्या खर्चाची तजवीज करायला तिच्या घराला आठवडाही मिळत नाही. श्रीमंत कुटुंबासाठी जो काळ केवळ लांबतो, तो गरीब कुटुंबासाठी कर्ज काढायचे की शिक्षण सोडायचे या निर्णयाचा काळ होतो.

कागदपत्रांची धावपळ सर्वश्रुत असल्याने तिच्याविषयी थोडक्यात. जात वैधता प्रमाणपत्र, पुढील ३१ मार्चपर्यंत वैध असलेले नॉन क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, हे सारे देणारी कार्यालये शासनाचीच आहेत, आणि त्यांच्या विलंबाचा दंड उमेदवाराने प्रवर्गातून खुल्या गटात ढकलले जाऊन भरावा, हे न्याय्य नाही. मागणीचा अर्ज वेळेत केल्याची पावती असेल, तर निर्णय येईपर्यंत जागा सुरक्षित राहील अशी कायमची तरतूद हवी. दरवर्षी आयत्या वेळी मुदतवाढ देण्याने लाभ त्यांनाच मिळतो, ज्यांना ती मुदतवाढ वेळेत कळते.

देशपातळीवरील प्रक्रियांशी असलेल्या संबंधाचाही विचार व्हावा. आयआयटी, एनआयटी आणि तत्सम संस्थांचे संयुक्त जागावाटप २०१५ पासून जोसा या प्राधिकरणामार्फत होते, आणि त्यानंतर उरलेल्या जागांसाठी केंद्रीय जागावाटप मंडळाच्या विशेष फेऱ्या होतात. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात. तिथे किंवा आयआयटीत जाणारी मुले पुण्याच्या १८५४ मधील सीओईपीतील आणि मुंबईच्या १८८७ मधील व्हीजेटीआयतील जागा सोडतात, तेव्हा राज्यभर जागांची साखळी हलते. राज्याच्या फेऱ्या त्या विशेष फेऱ्यांशी जुळवून आखल्या, तर ही हालचाल एका फेरीत सामावता येईल आणि आपोआप गोठवण्याच्या नियमाची गरजही आपसूक कमी होईल.

२०२५ मध्ये एका सत्रातील गणिताच्या प्रश्नांतील चुकांमुळे कक्षाने ५ मे रोजी फेरपरीक्षा घेतली आणि चूक मान्य केली, हे कक्षाच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ही परीक्षा २०२६ पासून वर्षातून दोनदा घेण्याचा जाहीर झालेला निर्णयही विद्यार्थ्यांच्या हिताचा आहे. मात्र दुसऱ्या संधीमुळे निकाल आणखी पुढे जाणार असेल, तर निकालानंतरचा काळ आखूड करणे अधिकच निकडीचे होते.

कक्षाकडे मागणे असे आहे. निकालाच्या दिवशीच अंतिम गुणवत्ता यादीपासून शेवटच्या फेरीपर्यंतच्या सर्व तारखा जाहीर व्हाव्यात, आणि त्यांतील कोणताही बदल लेखी कारणासह किमान तीन दिवस आधी कळवला जावा. पहिल्या तीन फेऱ्यांतील आपोआप गोठवण्याची अट काढून टाकण्याची शिफारस कक्षाने शासनाकडे करावी. ते अमान्य असेल, तर या अटीमुळे किती उमेदवारांना आपल्याहून कमी गुणवत्ता क्रमांकाच्या उमेदवाराला आपली वरची पसंती मिळालेली पाहावी लागली, याची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करावी. तिच्यासाठी लागणारी सर्व माहिती कक्षाच्या संगणकात आहे. जागांच्या सांकेतिक नावांचा अर्थ, फेरीनिहाय कटऑफ आणि पसंतिक्रम भरण्याची रीत आईवडिलांना वाचता येईल अशा मराठीत द्यावी, आणि प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, शक्यतो एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात, अर्ज भरण्याच्या दिवसांत विनामूल्य मार्गदर्शन करणारी प्रशिक्षित व्यक्ती बसवावी. यांपैकी गोठवण्याच्या अटीखेरीज एकाही गोष्टीसाठी नियमांत बदल करण्याची गरज पडू नये. पुढील वर्षाची माहितीपुस्तिका निघण्यापूर्वी कक्षाने या प्रत्येक मागणीवर आपला निर्णय, होकार असो वा नकार, कारणांसह जाहीर करावा, ही विनंती.