बाबांची बुलेट आणि लॅकरचा डबा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त भाच्याचं. परवा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "मामा, सगळी कव्हरं बफ करून घेऊ आणि वर क्लिअर लॅकर मारू. एकदा मारलं की परत हात लावायला नको!"

हे 'परत हात लावायला नको' ऐकलं की मला धडकी भरते. का ते सांगतो.

गाडी म्हणजे बाबांची बुलेट. जुनी, लोखंडी सिलिंडरवाली, उजव्या पायात गिअर असलेली. इंजिनाची कव्हरं उघड्या ॲल्युमिनियमची. रंग नाही, क्रोम नाही. बाबा गेल्यावर ती वर्षभर ताडपत्रीखाली होती. काढली तेव्हा कव्हरांवर राखाडी डाग आणि पांढरी भुकटी. मला घाई, गाडी चकाचक करायची. दुकानातून कॅनमधलं सुटं डीग्रीझर आणलं, डाव्या कव्हरावर भरपूर ओतलं आणि चहाला गेलो. त्यात कॉस्टिक सोडा होता, हे मागाहून कळलं. परत येतो तो फेस आलेला आणि खाली कव्हर तव्यासारखं काळपट. दोष कुणाला देणार? डबा वाचला नाही तो मीच.

मग वाचत बसलो (नुकसान झाल्यावर अभ्यास, हा आमचा घराण्याचा शिरस्ता). ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पारदर्शक थर बसतो आणि तोच त्याला सांभाळतो. तीव्र अल्कली किंवा तीव्र आम्ल लागलं की हा थर विरघळतो. कॉस्टिक तर खालचा धातूही खातं आणि मिश्रधातूतले तांबं-सिलिकॉन काजळीसारखे वर उरतात. आई कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकायची ती उगाच नाही. आपलं नळाचं पाणी थोडं अल्कलीकडे झुकलेलं, तापलं की आणखीच, आणि भांडं काळं पडतं. धातू तोच, भानगडही तीच. म्हणून टॉयलेट क्लीनर वापरा असं मात्र नाही हं! असा सल्ला देणारे भेटतात. त्यातलं आम्ल कव्हर खरवडून ठेवतं.

आता लॅकर. नवं असताना झकास दिसतं, कबूल. पण बुटाची टाच लागते, खडा उडतो, पेट्रोल सांडतं. एक टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरत जातात. वरून कितीही पुसा, त्या आत सुरक्षित! मग सगळं लॅकर उतरवा आणि पुन्हा पहिल्यापासून. उघड्या धातूवरचा डाग निदान हाताला तरी लागतो.

मी जे करतो त्यात नवल काही नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच धुतो; तापलेल्या कव्हरावर बोअरचं पाणी पडलं की जागीच वाळून क्षारांचे ठिपके उठतात. साधा गाडीचा शाम्पू, मऊ कापड, लगेच कोरडं पुसणं, मग पाच-दहा मिनिटं इंजिन चालू, म्हणजे खाचांतलं पाणी उडतं. लोखंडी तारेची घासणी कधीच नाही, तिचे कण रुतून तिथेच गंजतात. दोन-तीन महिन्यांनी मेटल पॉलिश आणि कव्हरांवर मेणाचा पातळ हात. हेडवर मेण टिकत नाही, उष्णतेनं जातं, तिथे मी नादच सोडलाय. आमच्या रत्नागिरीच्या आत्याकडे खाऱ्या हवेत हे सगळं दर पंधरवड्याला करावं लागेल, आणि तिथे कुणी लॅकर मारलं तर मी भांडणार नाही.

बफिंगचं म्हणाल तर डावं कव्हर मी नेऊन देणार आहे, माझ्या पराक्रमावर दुसरा इलाज नाही. पण उजव्या बाजूला, गिअरच्या दांडीमागे, एक घासून गुळगुळीत झालेला पट्टा आहे. बाबांच्या बुटाचा, तीसेक वर्षांचा. बफिंगच्या चाकाखाली तो दोन मिनिटांत जाईल, हे भाच्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दाखवल्यावर जरा वेळ बोट फिरवत बसला.

रविवारी येतोय म्हणाला. लॅकरचा डबा दुकानदार परत घेतो का तेवढं विचारून येणार आहे.