ओट्यावरची राखण

इसवी सन २००३ च्या जानेवारीत अमेरिकेतील ह्यूस्टन येथे राहणाऱ्या मॅट मुलेनवेग या एकोणीस वर्षांच्या तरुणाने आपल्या ब्लॉगवर एक अडचण मांडली. त्याचा ब्लॉग ‘बीटू’ नावाच्या ज्या सॉफ्टवेअरवर चालत असे, त्याच्या कर्त्याचा कित्येक महिने काही ठावठिकाणा नव्हता आणि दुरुस्तीचे कामही थांबले होते. ते सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचे असल्यामुळे त्याची प्रत घेऊन कोणीही पुढचे काम हाती घेऊ शकत होता. तसे आपणच करावे की काय, असा विचार त्याने त्या लेखात बोलून दाखविला. दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधून माइक लिटल या गृहस्थांनी त्या लेखाखाली छोटासा अभिप्राय लिहिला. त्याचा आशय असा की, हे खरोखरच करणार असाल तर हातभार लावण्याची आपली इच्छा आहे. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीही झालेली नव्हती. त्या छोट्याशा अभिप्रायातून २७ मे २००३ रोजी ‘वर्डप्रेस’ची पहिली आवृत्ती बाहेर पडली. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्याच वर्डप्रेसवर उभी आहेत.

लेखाखालची अभिप्रायाची चौकट म्हणजे ब्लॉगचा ओटा. दुकान लहान असो की मोठे, ओट्यावर कोण येऊन टेकेल आणि कोणता सौदा जुळेल, हे आधी सांगता येत नाही. परंतु ज्या ओट्यावर भला माणूस निःसंकोच येतो, त्याच ओट्यावर भामटाही येतो. २००३ हे साल संपेपर्यंत जगभरातील ब्लॉगलेखकांना याचा प्रत्यय येऊ लागला होता. औषधे, जुगार आणि झटपट कर्ज यांच्या जाहिराती अभिप्राय म्हणून शेकड्यांनी येऊन पडू लागल्या. त्या लिहिणारा माणूस नव्हताच. एक यंत्रप्रणाली रात्रंदिवस दारोदार फिरून ते काम करीत होती.

येथे सामान्य वाचकाची एक गैरसमजूत होते. ब्लॉग वाचणाऱ्याने ती जाहिरात पाहावी आणि माल घ्यावा, हा तिचा मुख्य हेतू आहे असे त्याला वाटते. खरा हेतू निराळा असतो. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगलची उभारणी केली ती एका तत्त्वावर. एखाद्या पानाकडे इतर पानांनी दिलेला दुवा म्हणजे त्या पानाची शिफारस होय, आणि शिफारस करणारा स्वतः जितका मान्यवर तितके त्या शिफारशीचे वजन अधिक. व्यापाऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. नव्या माणसाला उधार माल द्यायचा की नाही, हे बाजारात त्याच्याविषयी कोण शब्द टाकतो यावरच ठरत आले आहे. भामट्याने हे अचूक हेरले. आपल्या दुकानाचा दुवा त्याने हजारो प्रामाणिक ब्लॉगांच्या अभिप्रायांत चिकटविला की, शोधयंत्राच्या लेखी त्या हजारो लेखकांनी त्याची शिफारस केल्यासारखे होई. म्हणजे चोरीला जात होती ती लेखकाची पत, आणि चोरी झाल्याचे त्याच्या गावीही नसे.

यावर जानेवारी २००५ मध्ये एक तोड निघाली. गूगल, याहू आणि एमएसएन या परस्परांच्या प्रतिस्पर्धी शोधयंत्रांनी एकत्र येऊन ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ब्लॉगचे सॉफ्टवेअर अभिप्रायातील दुव्यांना ही खूण आपोआप लावू लागले. तिचा अर्थ असा की, हा दुवा येथे दिसत असला तरी या पानाचा मालक त्याला जबाबदार नाही आणि ही त्याची शिफारस समजू नये. आपल्या व्यापारी कायद्यात याचे जुने रूप सापडते. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ चे कलम १३८ बहुतेक व्यापाऱ्यांना तोंडपाठ असते. कलम ५२ मात्र तितकेसे परिचित नसते. हुंडीच्या किंवा वचनचिठ्ठीच्या पाठीवर सही करून ती पुढे देणारा, स्पष्ट शब्दांत लिहून, स्वतःची जबाबदारी वगळू शकतो, असे ते कलम सांगते. बँकेच्या भाषेत यास ‘सॅन्स रिकोर्स’ पृष्ठांकन म्हणतात. कागद हातातून जातो, पण जामीनकी त्याच्याबरोबर जात नाही. नोफॉलो हे संगणकाच्या भाषेतले तसेच पृष्ठांकन होय.

तरीही उपद्रव थांबला नाही, आणि त्याचे कारण निव्वळ हिशेबाचे आहे. एक अभिप्राय चिकटविण्याचा भामट्याला येणारा खर्च जवळजवळ शून्य असतो. लाखांतून एखादा लागू पडला तरी तो नफ्यात राहतो. नको असलेले अभिप्राय वेचून काढणाऱ्या लेखकाचा वेळ मात्र शून्य किमतीचा नसतो. म्हणून उपाय असा हवा की, ज्यात लेखकाचे श्रम घटतील. ऑक्टोबर २००५ मध्ये मुलेनवेग यानेच ‘अकिस्मेट’ ही सेवा सुरू केली. तिचा आधार सहकाराचा आहे. एका लेखकाने एखादा अभिप्राय खोटा म्हणून बाजूला टाकला की ती माहिती मध्यवर्ती ठिकाणी जाते आणि तसाच मजकूर दुसऱ्याच्या दारी गेला तर तेथे तो आपोआप अडविला जातो. खोट्या नाण्याची खबर एका पेढीने साऱ्या बाजाराला द्यावी, तसा हा प्रकार.

याखेरीज काही साध्या खबरदाऱ्या वर्डप्रेसमध्येच उपलब्ध आहेत. ज्याचा पूर्वी एकही अभिप्राय मंजूर झालेला नाही, त्याचा पहिला अभिप्राय लेखकाने पाहिल्याशिवाय प्रसिद्ध होऊ नये. दोन किंवा अधिक दुवे असलेला मजकूर तपासणीसाठी थांबवावा. जुन्या लेखांखालील चौकट ठराविक दिवसांनी बंद करावी, कारण यंत्रे बहुधा जुन्या, विसरलेल्या पानांवरच तळ ठोकतात. सर्वांत फसवा अभिप्राय असतो तो स्तुतीचा. ‘फारच उपयुक्त माहिती, असेच लिहीत राहा’ एवढेच त्यात असते, आणि दुवा असतो तो लिहिणाऱ्याच्या नावामागे दडलेला. लेखातील एकाही मुद्द्याचा त्यात उल्लेख नसतो. माल न पाहताच वाखाणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मुरलेला दुकानदार ज्या नजरेने पाहतो, तीच नजर येथे उपयोगी पडते.

ओट्याची राखण झाली तरी दुकानाच्या जागेचा प्रश्न उरतो. ब्लॉगला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे नाव, अर्थात डोमेन. दुसरी म्हणजे मजकूर ठेवण्याची जागा, अर्थात होस्टिंग. नाव कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने घ्यावे लागते, आणि डॉट कॉम नावाची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते. नूतनीकरण चुकणे किती सोपे असते, हे १९९९ च्या नाताळात दिसले. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडून पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे शुल्क भरायचे राहून गेले आणि हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांना आपली पत्रे उघडता येईनात. शेवटी टेनेसीतील एका संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा व्यवहार सुरळीत झाला. ज्यांच्यासाठी असा परोपकारी धावून येणार नाही, त्यांनी मुदतीची तारीख विम्याच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदणी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेल पत्त्यावर आहे ना, हे तपासावे. ब्लॉग तयार करून देणाऱ्या मुलाने सोयीसाठी ती स्वतःच्या नावे केलेली असते. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी जातो, आणि पाटी आपली पण दप्तर दुसऱ्याचे अशी स्थिती होते.

जागेच्या बाबतीत फुकट आणि भाड्याची असे दोन प्रकार आहेत. फुकट जागेचे भाडे नसते, पण तेथे हक्कही नसतो. ‘जिओसिटीज’ ही मोफत जागा देणारी सेवा १९९४ मध्ये सुरू झाली, १९९९ मध्ये याहूने ती घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जपान वगळता बंद केली. असंख्य कुटुंबांनी हौसेने उभारलेली पाने तिच्याबरोबर गेली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून बरीचशी पाने वाचविली म्हणून त्या काळाचा थोडासा ठेवा आज पाहायला मिळतो. भाड्याची जागा घेतली तरी तेथील सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करणे हे भाडेकरूचेच काम असते. जुनाट कुलुपातून शिरलेला चोर पाटीवर काही बदल करीत नाही. तो मागच्या खोल्यांत स्वतःच्या मालाची पाने मांडतो आणि शोधयंत्राचा ठपका मात्र मालकावर येतो.

शेवटचा मुद्दा दुसऱ्या प्रतीचा. ‘जर्नलस्पेस’ नावाची ब्लॉगसेवा २००८ च्या अखेरीस एका फटक्यात संपली. तिचा सारा मजकूर एकाच वेळी दोन तबकड्यांवर लिहिला जात असे, आणि हीच दुसरी प्रत, असे चालकांनी मानले होते. एके दिवशी माहिती पुसली गेली ती दोन्ही तबकड्यांवरून एकदमच, आणि तिसरी प्रत कोठेही नव्हती. एकाच लेखणीने, एकाच क्षणी लिहिलेल्या दोन वह्यांना दोन वह्या म्हणता येत नाही. एकीतली चूक तत्क्षणी दुसरीत उतरते. दुसरी प्रत वेगळ्या दिवसाची, वेगळ्या जागेची आणि स्वतःच्या ताब्यातली असावी. आणि ती कधीतरी उघडून पाहिलेली असावी, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

एवढ्या कटकटी पाहून पुष्कळ लेखक सर्वांत सोपा मार्ग पत्करतात आणि अभिप्रायाची चौकट कायमची बंद करतात. त्यांचा वैताग समजण्यासारखा आहे. परंतु त्या जानेवारीत मुलेनवेग याने तसेच केले असते, तर माइक लिटल यांचा अभिप्राय उमटलाच नसता. कुळाचा इतिहास लिहिणाऱ्या आजोबांना दूरच्या गावचा, कधी न पाहिलेला नातलग अशाच चौकटीतून सापडतो. मसाल्यांविषयी लिहिणाऱ्या सुनेला नवी गिऱ्हाइके येथूनच मिळतात. महिन्यातून एक निवांत संध्याकाळ काढून अडकलेले अभिप्राय चाळणे, सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, प्रत काढून घेणे आणि मुदतीच्या तारखेवर नजर टाकणे, एवढे ज्याला जमते त्याला ओटा उघडा ठेवणे परवडते. भामट्यांनी भरलेल्या त्या ढिगात एखादा खरा अभिप्रायही अडकलेला असतो. तो बाहेर काढण्यासाठी ढीग चाळावाच लागतो.